घरात वाचनाची परंपरा आहे का?

गेल्या १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी, आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक छापील पत्रक वाटण्यात आले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी आपल्या राज्यात २०१५ पासून हा दिवस पाळतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. पत्रकात चार प्रश्न होते. आवडता साहित्यप्रकार कोणता? आठवड्यातून किती तास वाचन करता? पुस्तक कोणत्या स्वरूपात वाचायला आवडते - छापील, मोबाईलवर की ऐकून? आणि शेवटचा, घरात वाचनाची परंपरा आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी ऐटीत लिहिली. चौथ्या प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. शेजारी माझी मैत्रीण उभी होती. तिच्या घरी काचेच्या दारांची दोन कपाटे पुस्तकांनी भरलेली आहेत, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तिने 'होय'वर खूण केली आणि सहज माझ्या पत्रकाकडे पाहिले. मी झटकन 'नाही'वर खूण केली, पत्रकाची घडी घातली आणि ते पेटीत टाकले.

त्या दिवसापासून ती खूण मला टोचते आहे. वार्षिकासाठी लेख द्या, अशी सूचना फळ्यावर लागली तेव्हा ठरवले की, ती चार उत्तरे पुन्हा एकदा, या वेळी खरी खरी लिहावीत.

तासांचा प्रश्न आधी निकालात काढते. मी 'दहा' असे लिहिले होते. ते खोटे आहे. परीक्षेच्या महिन्यात मी एकही तास वाचत नाही, फक्त पाठ करते. सुट्टी लागली की दिवसाचे दहा तासही होतात. एरवी माझे खरे वाचन एस. टी.त होते. मी पाथर्डी तालुक्यातली. पंधरा दिवसांतून एकदा घरी जाते. नगर सोडले की पुस्तक उघडते ते करंजीच्या घाटापर्यंत. घाटात वळणे सुरू झाली की पोटात ढवळते, म्हणून पुस्तक मिटायचे आणि डोळेही मिटायचे. घाट संपला की पुन्हा उघडायचे. त्यामुळे काही कादंबऱ्यांची मधली प्रकरणे मला घाटासारखीच आठवतात, थोडी मळमळत. त्यात लेखकांचा काही दोष नाही.

आता आवडता साहित्यप्रकार. पत्रकात मी 'वैचारिक' असे लिहिले होते. ग्रंथपाल सर ते वाचतील, एवढा एकच विचार त्यामागे होता. खरे म्हणजे मला वाचनाची गोडी लागली ती रहस्यकथांनी. शेवगावला माझ्या आजोळी मामाची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बाबुराव अर्नाळकरांच्या जुन्या छोट्या छोट्या पुस्तकांचा गठ्ठा आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मामाच्या पेटीत त्यांतल्या तीसेक असतील. झुंजार आणि काळापहाड यांची नावे मी शाळेच्या पुस्तकातल्या थोर पुरुषांच्या आधी शिकले. अडचण एवढीच की, वाळवीने आणि मामाच्या भावंडांनी मिळून बऱ्याच पुस्तकांची शेवटची पाने खाल्ली होती. खून झाला, पोलीस आले, संशय तिघांवर गेला आणि पुस्तक संपले! मग रात्री अंगणात मी आणि मामा खुनी ठरवत बसायचो. मामाचा संशय नेहमी दिवाणजीवर. अशा आठ-दहा खुनांचे आरोपी मला आजही ठाऊक नाहीत. ती पुस्तके कुठे पूर्ण मिळाली तरी वाचावीत की नाही, याचा मी निर्णय केलेला नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्या मला आवडत नाहीत. आमच्या मराठीच्या सरांची मी येथेच क्षमा मागते. त्यांनी त्या किती प्रेमाने शिकवल्या हे मला माहीत आहे. पण त्यांतली माणसे सदा सर्वकाळ दरबारात उभी असल्यासारखी बोलतात. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. त्यामुळे असेल, पण गोष्टीतल्या बायका पाणी कुठून आणतात हे लेखकाने सांगितले नाही की माझे लक्ष उडते. महालात समया लागतात, पडदे हलतात, पण हंडा कोणी भरताना दिसत नाही.

म्हणूनच असेल, द्वितीय वर्षाला असताना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हातात पडली आणि मी ती दोन रात्रींत वाचून संपवली. १९३४ साली तिचा पहिला भाग निघाला. हे पुस्तक आपल्या जिल्ह्याचे आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला राहू लागले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाईही आल्या. नगर आणि राहुरी ही आपल्या रोजच्या एस. टी.च्या पाट्यांवरची नावे त्या पुस्तकात आहेत. आणि त्यात चूल आहे, सोवळे आहे, फजिती आहे, रुसवे आहेत. बाई स्वतःला हसतात. स्वतःला हसणारे मोठे माणूस मला त्यापूर्वी पुस्तकात भेटलेले नव्हते. त्यानंतर मी आत्मचरित्रांच्याच मागे लागले. दया पवारांचे 'बलुतं' वाचले. ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्याचे. ते पुस्तक मात्र दोन रात्रींत संपले नाही. दहा पाने वाचून मी ते उशाखाली ठेवायची. एवढ्या जवळ राहून आपल्याला किती कमी माहीत आहे, याची लाज वाटायची. तर 'वैचारिक' खोडून मी तेथे 'आत्मचरित्रे आणि शेवटचे पान नसलेल्या रहस्यकथा' असे लिहू इच्छिते.

पुस्तक कोणत्या स्वरूपात आवडते, या प्रश्नाला मी 'छापील' असे उत्तर दिले होते, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. एका अर्थी ते खरे आहे. आपल्या ग्रंथालयातली काळ्या रेक्झीनने बांधलेली जाडजूड पुस्तके मला फार आवडतात. त्यांच्या मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. माझ्या जन्माआधीच्या तारखा, एकाखाली एक. मग मोठी पोकळी आणि नंतर माझी तारीख. इतकी वर्षे या पुस्तकाने कोणाची वाट पाहिली असेल, असे उगाचच वाटते. शिवाय समासात पूर्वीच्या वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेले असते. एका कादंबरीत नायिका मरते तेथे कोणी तरी 'हाय!' असे लिहिले आहे आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'रडू नका, पान उलटा'. ग्रंथपाल सरांना हे आवडणार नाही, पण मला त्या दोघांना भेटावेसे वाटते.

झेरॉक्सबद्दल न बोललेलेच बरे. आमचा अर्धा वर्ग एकाच पुस्तकाच्या झेरॉक्सवर पदवीधर होतो आहे.

मोबाईलवर मी वाचत नाही, असे मी चारचौघांत सांगते. तेही खरे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी शाळेत होते. शाळा बंद, गावात वाचनालय नाही, मामाची पेटी शेवगावला. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांचा, आणि मागणारे आम्ही तिघे. आमच्या गुरुजींनी सांगितले की, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. १९७१ सालापासूनचे अंक! पण घरात रेंज येत नसे. ती येई मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, डाव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात बसून मी आई-वडील लहान असतानाचे अंक वाचले. एवढ्याशा काचेवर बोटाने अक्षरे मोठी करायची, ओळ अर्धी दिसायची, उरलेली सरकवून आणायची. कविता मात्र तशा वाचता येत नाहीत. ओळ कुठे मोडते ते कळत नाही. त्या मी वहीत उतरवून घ्यायची. अजूनही कविता आवडली की मी ती हाताने उतरवते आणि मगच ती माझी होते.

आता त्या ओट्याकडे वळते. कारण चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्याच ओट्यावर आहे.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, दर श्रावणात त्या देवळात 'नवनाथ भक्तिसार' वाचायचे. धुंडिसुत मालू यांनी शके १७४१ मध्ये रचलेली ही चाळीस अध्यायांची, सात हजारांहून अधिक ओव्यांची पोथी आपल्या भागात घरोघर असते. आमच्याकडे तिचा मान जरा अधिकच, कारण पोथीतली माणसे आमच्या भोवतालच्या डोंगरांवरच राहिलेली आहेत. मढीला कानिफनाथ, मायंब्याला मच्छिंद्रनाथ. मढीची यात्रा होळीपासून सुरू होते, गाढवांचा बाजार भरतो, आणि लहानपणी मला वाटायचे की पोथीतली सगळी मंडळी या बाजारातूनच हिंडत असावीत. नगरकडे गोरक्षनाथाचा गड दाखवून आबा म्हणायचे, "हे पोथीतलं पुढचं पान." पुस्तकातली जागा बोट दाखवून दाखवता येते, हे मी असे शिकले.

आमची पोथी जुनी, शिळाछापाची, सुट्या आडव्या पानांची. दोन लाकडी फळ्यांमध्ये पाने, वर तांबडा रुमाल. संध्याकाळी दिवेलागण झाली की आबा धूत धोतर नेसून देवळात जायचे. चौरंगावर पोथी, बाजूला समई, समोर गाव. आबा ओव्या म्हणायचे आणि शेजारी बसलेले एक बुवा त्यांचा अर्थ सांगायचे. ही आपल्याकडची जुनी पद्धत. वाचणारा वेगळा, अर्थ सांगणारा वेगळा. आबांचा आवाज खर्जातला. धारा काढून बायका यायला उशीर होई. त्या येईपर्यंत आबा सुरुवातीचे नमन लांबवत नेत. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की आवाज चढवत. एखादे पोर रडले तर ते गप्प होईपर्यंत तीच ओवी पुन्हा, तिसऱ्यांदा म्हणत. पान संपले की ते अंगठ्याने उचलून अलगद पालथे घालत. मी समईच्या अगदी जवळ बसायची. मी चौथीत होते, नुकतीच भराभर वाचू लागले होते, आणि दुकानाच्या पाट्यांपासून पुडीच्या कागदापर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचत होते. साहजिकच मी आबांच्या पानावरही डोळे फिरवू लागले.

एका संध्याकाळी आबांनी दोन पाने एकदम उलटली. तुपाने की कशाने ती चिकटली होती. मला पुढच्या पानावरची पहिली ओवी दिसत होती. आबा मात्र भलतेच म्हणत होते. गोष्ट जराही तुटली नव्हती. ते चिकटलेल्या, झाकलेल्या पानावरचे म्हणत होते.

मला आधी तो चमत्कारच वाटला. नाथांची पोथी, तेव्हा चमत्कार होणारच. पण रात्री अंथरुणात पडल्यावर दुसरीच शंका आली. आबांनी कधी वर्तमानपत्र वाचलेले मी पाहिले नव्हते. सोसायटीच्या कागदावर ते अंगठा उठवत. मी विचारले होते तेव्हा त्यांनी "डोळ्यांनी दिसत नाही गं," असे सांगितले होते. आणि वाचताना मात्र त्यांना चष्मा लागत नव्हता.

पुढे मी जे केले ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी देवघरातून पोथी काढली, रुमाल सोडला आणि त्या संध्याकाळच्या अध्यायाची पाने मागेपुढे करून ठेवली. पत्त्यांसारखी. मला आबांना पकडायचे होते. कशासाठी, ते सांगता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला नव्याने आलेल्या अक्षरांची किती मस्ती असते, एवढेच म्हणता येईल.

संध्याकाळी आबांनी रुमाल सोडला. वरच्या पानावर हात ठेवला आणि ते थांबले. त्यांचा अंगठा पानाच्या कडेवरून फिरला. त्यांनी वर पाहिले. आम्ही सात-आठ पोरे पुढे बसलो होतो. त्यांची नजर एकेकावरून आली आणि माझ्यावर थांबली. मग त्यांनी नमन सुरू केले. सगळा अध्याय झाला. पाने जशी मी लावली होती तशीच, त्याच उलट्यासुलट्या क्रमाने ते एकेक उलटत गेले, आणि गोष्ट सरळ चालत राहिली. बुवांनी अर्थ सांगितला. आरती झाली. गूळ-खोबरे वाटले. मला ते गिळेना.

रात्री जेवणे झाल्यावर आबांनी मला हाक मारली. मला वाटले, आता मार बसणार. त्यांनी पोथी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "पानं मागं-पुढं झालीत बघ. तू शिकलेली हायेस. लाव बरं नीट."

मी समासातले आकडे पाहून पाने लावू लागले. रडू येत होते म्हणून दोनदा चुकले. आबा शेजारी बसून अंगठा फिरवत होते. "ह्याच्यावर तेलाचा डाग हाय ना? हे तिसरं. ह्याचा कोपरा उंदरानं नेलाय, हे त्याच्या मागनं." मी आकडे पाहून सांगायची ते आणि ते डाग पाहून सांगायचे ते एकच निघत होते. पाने लावून झाली. त्यांनी रुमाल बांधला आणि म्हणाले, "जा, झोप." बस्स. त्यांनी मला काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. इतकेच झाले की, त्यानंतरच्या श्रावणापासून आबा मला शेजारी बसवून घेऊ लागले. "पोरीला वाचू द्या आज," म्हणायचे. मी छापलेले वाचायची आणि ते डोळे मिटून माझी चूक काढायचे. कुठे श्वास घ्यायचा, ओवीचा चौथा चरण कसा खाली टेकवायचा, हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नाही. आबांना पोथी छापल्याबरहुकूम पाठ होती असे मात्र नाही. काही ठिकाणी त्यांचा शब्द वेगळा असे. मी म्हणे, "आबा, इथं असं नाही छापलेलं." ते म्हणत, "छापणाऱ्याचं ऱ्हायलं आसंल."

नगरला शिकायला आले आणि हे सगळे मी गावाच्या वेशीवर ठेवून आले. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात सरांनी आम्हांला या शहराच्या वाचनाचा इतिहास सांगितला. सरकारी कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, पण आम्ही बोलताना नगरच म्हणतो. येथले जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच सुरू झाले. भुईकोट किल्ल्यातल्या कैदेत पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी, धाडता येणार नाहीत अशी पत्रे उर्दूत लिहिली आणि त्यांचे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. हे ऐकून छाती भरून आली. आणि त्याचबरोबर मनात असेही बसले की, वाचन म्हणजे हे. कपाटे, ग्रंथ, टिपणे. आमच्या ओट्यावर चालायचे ते वाचन नव्हे. पत्रकावर 'नाही' लिहिताना मी खोटे बोलत आहे असे मला मुळीच वाटले नव्हते. लाज वाटत होती, पण ती घराची होती. माझी मला लाज वाटली ती नंतर.

आमची सहल नेवाशाला गेली होती. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो 'पैस'चा खांब तेथे आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. हे शाळेपासून माहीत होते. पण त्या खांबापुढे उभी असताना 'सांगितली' हा शब्द पहिल्यांदा कानाला लागला. ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. मराठीतला हा एवढा मोठा ग्रंथ आपल्या जिल्ह्यात आधी कानांनी ऐकला गेला. पुढे नकला होत होत पाठात इतके फरक पडले की, १५८४ मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत तयार करावी लागली. फरक पाडणारे ते सगळे लोक अक्षरे येणारे होते, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. 'छापणाऱ्याचं ऱ्हायलं आसंल'! बसमध्ये परतताना मी 'स्मृतिचित्रे'चा विचार करीत होते. ते पुस्तक समोर बसून कोणी सांगितल्यासारखे आहे, म्हणून तर ते मला आवडले होते. लक्ष्मीबाईंना शाळा नव्हती. अक्षरे त्या लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या. आणि 'बलुतं'मध्येही एक दगडू पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. म्हणजे मी ज्यांच्या मागे लागले होते, ती सगळी सांगितलेली पुस्तके निघाली.

आमच्या वर्गातला एक मित्र दृष्टिहीन आहे. तो अभ्यासाची सगळी पुस्तके कानांनीच वाचतो, आणि 'ऐकली' न म्हणता 'वाचली' म्हणतो. त्याला कोणी हटकत नाही. मग आबांना मी का हटकले?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आबांनी आता ऐंशी ओलांडली आहेत. गुडघे गेले, खाटेवरून फारसे उठत नाहीत, देवळात पोथी लागत नाही. त्यांच्यासाठी मी मोबाईलवर नवनाथांच्या पोथीचे ध्वनिमुद्रण शोधून ठेवले होते. उशाशी लावून दिले. आवाज स्पष्ट, मागे तानपुरा, सगळे झकास. आबा पंधरा-वीस ओव्या ऐकून म्हणाले, "हा गडी वव्या हाकतोय. ह्याला म्होरं कोण बसलंय ते दिसत नाय." मी म्हटले, "आबा, त्याच्या समोर कोणीच बसलेलं नसतं." ते म्हणाले, "मंग कुणासाठी वाचतोय?" मी मोबाईल बंद केला. मित्राला तो आवाज कामाचा आहे, आबांना नाही. यावर निवाडा देण्याइतकी मी शहाणी नाही.

रात्री भांडी घासताना मी आईला पत्रकाची गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता चौथीतली पानांची गोष्टही सांगून टाकली. इतकी वर्षे आबांचे गुपित मी सांभाळले, असा माझ्या आवाजात थोडा मोठेपणाही होता. आई हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. अर्थ सांगणाऱ्या बुवांना तर पहिल्या दिवसापासनं. तुलाच काय ते नवीन होतं."

मग तिने सांगितले ते असे. आबा लहानपणी ज्यांची गुरे राखत, त्यांच्या ओसरीवर दर श्रावणात पोथी लागायची. आबा खाली अंगणात, गुरांच्या दाव्याजवळ बसून ऐकायचे. वीस-पंचवीस श्रावण असे गेले. वाचणारे गृहस्थ वारले. त्यांच्या मुलांना शहरात नोकऱ्या. पोथी बंद पडायची वेळ आली तेव्हा गावाने आबांना सांगितले, तुम्ही म्हणा. आबा म्हणाले, मला अक्षर येत नाही. तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्या बाईने पोथी रुमालासकट आणून त्यांच्या हातात दिली. पोथी पुढे नसली तर ते नुसते पाठांतर झाले असते. पोथी पुढे असली की वाचन. म्हणून आबा पाने उलटत. कोणाला फसवायला नव्हे. आणि गावही म्हणूनच बघत बसायचे.

सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन विचारले की, माझे पत्रक मिळेल का, एक उत्तर दुरुस्त करायचे आहे. सर म्हणाले, मोजणी झाली, गठ्ठे बांधले. तेव्हा त्या मोजणीत 'नाही'च्या रकान्यात एक आकडा जास्त आहे, तो माझा.

सुट्टीतल्या शेवटच्या संध्याकाळी आबांनी पोथी मागितली होती. श्रावण नव्हता, समई नव्हती, विजेच्या दिव्याखाली मी खाटेजवळ बसून वाचत होते. आई दारात धान्य निवडत होती. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले असावेत, असे वाटून मी जरा भरभर वाचू लागले. एक पान संपवून दुसरे घेतले, पहिली ओवी म्हटली, आणि खाटेवरून आवाज आला, "दोन पानं उलटलीस. मागं जा."